चांदणीच्या फुलांचा तपास

मनकर्णाबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घराघरांतले देव तिला तोंडपाठ होते. कोणाच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण आहे आणि त्याला तुळशीच्या मंजिऱ्या लागतात, कोणाच्या गणपतीला दुर्वा चुकल्या की घरातली म्हातारी संध्याकाळपर्यंत फुगून बसते, कोणत्या घरी सासू-सुनेचा अबोला आहे म्हणून एकाच दारात दोन फुलपुड्या द्याव्या लागतात, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पळसाच्या पानात फुलं, वरून केळीच्या सोपटाची गाठ, आणि पुड्यांची टोपली डोक्यावर. ती कधी ओरडून फुलं विकत नसे. दारात उभी राहून नुसती खाकरायची. ते खाकरणं ऐकलं की लोक देवाची भांडी घासायला काढत.

तेव्हा वऱ्हाड कागदावर निजामाचा होता, कारभार इंग्रजाचा होता आणि हुकूम नागपुराहून सुटायचे. मनकर्णाबाईला यातलं एवढंच समजत होतं की ज्या वावराला इतके मालक, त्याला कुंपण कोणीच घालत नाही.

तिचा मळा किल्ल्याच्या खालच्या अंगाला, मोर्णेच्या काठी. आत जाई-जुई, गुलाब, आणि बांधाच्या कडेनं सगळी चांदणीची झाडं. पावसाळ्यात ती झाडं अशी फुलायची की सकाळी बांधावर कोणी धुणं वाळत घातलंय असं वाटावं. नवरा शेषराव मोट हाकायचा. तो माणसांशी कमी आणि बैलांशी जास्त बोलायचा, आणि बैल त्याचं ऐकायचे, त्यामुळं घरात भांडण म्हणून नव्हतं.

मळ्याची राखण खुशालकडे. खुशाल जातीनं टाकणकर. म्हणजे गावोगाव फिरून जात्याला टाकी लावणारा. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा दात काढून द्यायचे, हे त्यांचं काम. सगळ्या वऱ्हाडाची भाकर त्यांच्या टाकीवर उभी होती म्हणा ना. पण सरकारनं त्यांची जमातच्या जमात चोर ठरवून टाकलेली. मूल जन्मलं की एक चोर वाढला, म्हातारा मेला की एक चोर कमी झाला. गडीमाणसांनी चावडीवर हजेरी द्यायची, आणि कुठं काही गेलं की जमादार आधी त्यांच्या पालावर यायचा. मळेवाले मात्र राखणीला हटकून टाकणकरच ठेवत. खुशाल असाच एका उन्हाळ्यात मनकर्णाबाईच्या जात्याला टाकी लावायला आला, भाकर खाल्ली, विहिरीचं पाणी प्याला, आणि बायको मैनेला घेऊन मळ्याच्या कोपऱ्यात पाल टाकून राहिला तो राहिलाच.

फुलपुडीच्या रतिबात मनकर्णाबाईचं आवडतं घर होतं केशवराव अमीनांचं. केशवराव ब्राह्मण गृहस्थ. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, हिंगोलीकडं अमीन होते, आपल्याकडच्या फौजदारासारखं. आता पेन्शन घेऊन ओट्यावर बसत. पोटी मूल नव्हतं. बहिणीचा मुलगा वसंत, त्याला त्यांनीच वाढवलं. तो आगबोटीवर डॉक्टरच्या हाताखाली होता आणि देशोदेशीच्या खबरा कळवायचा. त्या खबरा केशवराव ओट्यावरून गल्लीला ऐकवत, आणि आयुष्यभर चोरांशीच गाठ पडल्यामुळं त्यांना त्यातल्या चोरांच्याच लक्षात राहत.

"मनकर्णे, टेक जरा," ते म्हणत. "अरबस्तानात चोराचा हात तोडतात, ठाऊक आहे?"

"कोनता हात जी?"

केशवराव थांबले. हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. "उजवा."

"मंग बिचारा जेवते कसा?"

"चोराच्या जेवणाची काळजी तुला कशाला?"

"मले नाही जी. त्याच्या बायकोले असन ना. तिले भरवा लागत असन. म्हंजे शिक्षा तिलेच झाली."

"बरं, चीनमध्ये ऐक. तिथं पूर्वी चोराच्या गळ्यात ही एवढी लाकडी फळी अडकवायचे. इतकी रुंद, की हात तोंडापर्यंत पोचू नये."

"त्याईचाबी जेवनावरच राग दिसते," मनकर्णाबाई म्हणाली.

"आणि विलायतेत एकेकाळी मेंढी चोरली तरी फाशी होती! आता सुधारले. आता खटला चालतो, वकील उभे राहतात."

"मंग मेंढी कोनाले भेटते?"

"वकिलाला," आतून गोदाकाकूंचा आवाज आला. गोदाकाकू म्हणजे केशवरावांचं कुटुंब. त्या ओट्यावर कधी येत नसत, पण ओट्यावरचा एक शब्द खाली पडू देत नसत.

केशवरावांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. "आमच्या मोगलाईत सरळ काम. तोंडाला काळं फासायचं, गाढवावर उलटं बसवायचं आणि गावभर धिंड."

"गाढवाचा काय गुन्हा जी?"

"तू ना मनकर्णे, चोराची बाजू घेतेस की गाढवाची, हेच कळत नाही. जपानचं सांगतो, ते तुला पटेल. वसंता सांगत होता, तिथं ज्यानं गुन्हा केला तो ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जातो आणि कमरेत वाकून माफी मागतो. अगदी असा. पोलिससुद्धा मग नरम होतो म्हणे."

"हे सोपं हाय."

"सोपं?" केशवराव हसले. "बाई, चाळीशीपुढं कंबर वाकत नाही."

घरी गेल्यावर मनकर्णाबाई हे सगळं बांधावर भाकर खाताना सांगायची. शेषराव ऐकायचा आणि खुशाल थोडा दूर बसून ऐकायचा. शेषराव एकदा घास थांबवून म्हणाला, "मेयघाटात मी पाह्यलं. बैल घ्याले गेल्तो तवा. कोरकूच्या गावात एकानं दुसऱ्याची कोंबडी मारून खाल्ली. पंच बसले. त्याले म्हने, आता तू बकरा दे. त्यानं देल्ला. गावानं खाल्ला. ज्याची कोंबडी गेल्ती तो अन हा, दोघं एका पानावर बसले. संपलं."

एवढं लांब भाषण त्यानं लग्नानंतर केलं नव्हतं. 

"अन तुमच्यात रे खुशाल?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"आमच्यात तेल तापवते माय. त्यात पैसा टाकते. हात घालून काढा लागते. भाजला त चोर." खुशालनं मिरचीचं देठ तोडलं. "जमादार त तेलबी तापवत नाही. नुसतं जात इचारते."

हे झालं जेठात. आषाढात एकादशीच्या आदल्या दिवशी गोदाकाकूंनी मागच्या दारी मनकर्णाबाईला गाठलं. आवाज बारीक करून म्हणाल्या, "मनकर्णे, चातुर्मासात देवाला चार फुलं तुझ्या मळ्यातली घेत जाईन हो. माझ्या हातानं तोडीन. चालेल ना?"

"घ्या ना काकू. इचारता काहून? लागन तेवढी घ्या. देवाचीच हायेत," मनकर्णाबाई म्हणाली, टोपली उचलली आणि पुढच्या दारी जाता जाता विसरूनही गेली. कुणी चार फुलं मागितली तर कुठली माळीण लक्षात ठेवते?

मग श्रावण आला. राजेश्वराच्या देवळात सोमवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि हाराला हात पुरत नाहीत. मनकर्णाबाई उजाडल्यावर मळ्यात आली तर चांदणी अर्धी रिकामी. पाऊस जास्त झाला असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी बांधाच्या दुसऱ्या अंगाची झाडं रिकामी. फांदी मोडलेली नाही, पान गळलेलं नाही, नुसती फुलं अलगद खुडून नेलेली.

"खुशाल, पहाटचं कोनी येते का रे?"

"कोनी नाही माय," खुशाल म्हणाला आणि कुत्र्याच्या पाठीवरच्या गोचिड्या काढायला लागला. तिनं जास्त विचारलं नाही. चांदणीला काही गुलाबाचा भाव नसतो. पण सोमवारचे हार अपुरे पडले, देवळापुढच्या दुसऱ्या माळणीनं गिऱ्हाईक नेलं, आणि मनकर्णाबाईनं केशवरावांच्या ओट्यावर पुडी ठेवता ठेवता सहज कुरकूर केली. "काय सांगू जी, कोन खुडून नेते कोन जाने. चांदनी निरा बोडकी करून टाकली."

बस. केशवराव ताठ झाले. पेन्शनीत गेल्यापासून त्यांच्या गल्लीत कोणाची वाटीसुद्धा चोरीला गेली नव्हती, आणि हे दुःख त्यांनी मनातच ठेवलं होतं. "थांब. जाऊ नको. झाडं किती अंतरावर आहेत? बांधाला वाट कुठून? राखण कोणाची?"

"खुशालची."

"खुशाल कोण?"

"आमचा टाकनकर जी."

केशवरावांनी दोन्ही हात मांडीवर आपटले. "मग तपास संपला! अगं, कुंपणानंच शेत खाल्लं तुझं."

"नाही जी, तो तसा नाही. अन चांदनी घेऊन तो करन काय? त्याच्या पालात देव त एक दगड हाय."

"विकत असेल. ते मी बघतो. तू घाबरू नको." त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मनकर्णाबाईला पुढं काही बोलवेना. तिला वाटलं, म्हातारं माणूस आहे, दुपारपर्यंत विसरेल.

म्हातारं माणूस विसरलं नाही. दुपारी जमादार मळ्यात आला. मनकर्णाबाई बाजारात होती. शेषरावानं मोट थांबवली आणि "मालक मी हावो, माही तक्रार नाही," असं म्हणून पाहिलं. जमादार म्हणाला, "तुमची नसन. अमीनसायबाची हाय." खुशालला विचारलं, मळ्यात कोण येतं? खुशाल म्हणाला, कोणी नाही. "कोनी येत नाही, मंग फुलं उडून जाते का?" जमादारानं त्याला पुढं घातलं.

मनकर्णाबाई परत आली तर दारात मैना बसलेली. रडत नव्हती. पदराचं टोक नुसतं पिळत होती. "बाई, जमादार म्हने, त्याले आता येथी ठेवत नाही. दूरच्या सरकारी वस्तीत, तारेच्या कुंपनात नेऊन टाकतो म्हने. उद्याच. माह्या दिराले नेलं तसं. दीर आला नाही बाई वापस."

मनकर्णाबाईनं टोपली खाली ठेवली. पाण्याचा घोटही घेतला नाही. चपला तिला नव्हत्याच. तशीच निघाली.

केशवराव वामकुक्षी घेत होते. म्हणून ती मागच्या दारी गेली, आणि खाकरली. कोणी आलं नाही. देवघराची खिडकी मागच्या अंगणात उघडायची. तिनं वाकून पाहिलं. आत गोदाकाकू महादेवापुढं बसल्या होत्या. एका हाताशी सुपात चांदणीचा ढीग, आणि एकेक फूल उचलून, ओठ हलवत, पिंडीवर. पिंड दिसत नव्हती. बाजूला परडी, तीही भरलेली. भिंतीवर कोळशाच्या रेघा, पाच-पाचच्या जुडग्यांत, जमिनीपासून कोनाड्यापर्यंत.

मनकर्णाबाईनं आयुष्यभर देवाला फुलं पुरवली होती. तो प्रकार काय हे तिला सांगावं लागलं नाही. लाखोली! काकूंनी लाख फुलांचा नेम धरला होता. आणि ते लाख तिच्या बांधावरून येत होते.

"काकू," ती खिडकीतूनच म्हणाली, "चार फुलं म्हटलं होतं ना वो तुमी?"

गोदाकाकू दचकल्या. हातातलं फूल मात्र नीट पिंडीवर ठेवलं, मोजणी मनात धरली, आणि मग खिडकीशी आल्या. "हळू बोल. नेम बोलून दाखवायचा नसतो. ह्यांनासुद्धा माहीत नाही, हे उठायच्या आत मी येते. वसंतासाठी आहे गं. समुद्रावर असतो, मला झोप लागत नाही. विकतचं फूल चालत नाही, आपल्या हातानं तोडलेलं लागतं. तू म्हणालीस ना, लागतील तेवढी घ्या?"

"म्हटलं खरं." मनकर्णाबाईला स्वतःच्या जिभेचाच राग आला. "पन काकू, त्या फुलापायी खुशालले धरून नेलं. तुमच्या मालकानंच जमादाराले सांगतलं. उद्या त्याले दूर वस्तीत नेऊन टाकते."

गोदाकाकू खिडकीखाली बसल्या. तिथूनच आवाज आला, तोही बारीक. "म्हणजे ही चोरी झाली?"

"नाही झाली. मीच हो म्हटलं होतं."

"तू चारला हो म्हणालीस. मी लाखाला धरलं." मग अजून बारीक. "आमच्या सासूबाई सांगायच्या, चोरलेल्या फुलाचं पुण्य मळेवाल्याला जातं. मग आतापर्यंतचं सगळं तुझ्या नावावर गेलं गं! माझ्या वसंताचं काय?"

खुशाल चावडीत, मैना दारात, आणि इथं पुण्याची वाटणी. मनकर्णाबाईला हसावं की रडावं कळेना. पण म्हातारीच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. "आना बरं तांब्या," ती म्हणाली. गोदाकाकूंनी सोवळ्यातला तांब्या न शिवता खिडकीतून तिच्या ओंजळीत पाणी घातलं. मनकर्णाबाईनं ते तुळशीपाशी सोडलं. "माह्याकडं आलेलं सगळं पुन्न वसंताच्या नावानं. झालं? आता खुशालचं पाहा."

"ह्यांना सांगायचं म्हणजे..." गोदाकाकूंनी आतल्या खोलीकडं पाहिलं. "अमीन म्हणून आयुष्य गेलं त्यांचं. आणि चोर निघाली घरची बायको. गल्ली हसेल गं."

"हसन," मनकर्णाबाई म्हणाली. "चार दिवस हसन. खुशाल गेला त मैना आयुष्यभर रडन."

गोदाकाकू उठल्या. पिंडीला हात जोडले, नेसू सारखं केलं, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा नवऱ्याला झोपेतून उठवलं.

आत काय बोलणं झालं ते मनकर्णाबाईनं ऐकलं नाही, म्हणजे ऐकायचा प्रयत्न केला पण ऐकू आलं नाही. काही वेळानं केशवराव समोरच्या दारानं बाहेर आले. डोक्यावर पगडी, अंगात मोगलाईतला जुना कोट, श्रावणातल्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला. हातात काठी.

"मनकर्णे," ते म्हणाले, "तक्रार तुझी होती."

"माही कुरकूर होती जी. तक्रार तुमी केली."

केशवराव ओटा उतरले. चालायला लागले. मनकर्णाबाई मागं चार हात अंतर ठेवून. वाटेत भेटलेल्या दोघांनी रामराम घातला, केशवरावांनी एकाचाही घेतला नाही.

चावडीपुढच्या लिंबाखाली खुशाल बसला होता. जमादार खाटेवर आडवा होता, तो केशवरावांना पाहून उठला. "या रावसायेब! पाह्यलं, कसं लगेच आनलं. तुमचा अंदाज निरा पक्का."

"चोर सापडला, जमादार."

"हा काय, बसला ना."

"हा नव्हे. माझ्या देवघरात सापडला." केशवरावांनी घसा साफ केला. "आमच्या मंडळींनी लाखोली धरली आहे. फुलं त्या नेतात. मळेवालीला विचारून नेतात. तेव्हा चोरीही नाही आणि चोरही नाही. ह्याला सोड."

जमादारानं त्यांच्याकडं पाहिलं, मनकर्णाबाईकडं पाहिलं, आणि मिशीआड हसू दाबायची खटपट केली. ते काही दबलं नाही. "मंग रावसायेब, बेड्या घेऊन येऊ का तुमच्या घरी?"

"ये. पण आंघोळ करून ये, त्या सोवळ्यात असतात."

आता जमादार मोकळा हसला. "पन सायेब, आनलेल्या मानसाले सोडाचं म्हंजे कारन लागते. वर काय सांगू?"

"सांग, केशवराव अमीन चुकला. माझं नाव घालून सांग." मग ते खुशालकडं वळले. खुशाल उभा राहिला होता, हात बांधून, नजर जमिनीवर.

केशवराव त्याच्यापुढं गेले, आणि कमरेत वाकले. काठी टेकवून, पगडी सांभाळत, पण वाकले. आणि वाकलेले तसेच राहिले. कंबर धरली. खाली जाता आलं, वर येता येईना.

खुशालचा हात पुढं आला आणि अर्ध्यातच थबकला. अमीनसाहेबांना धरायचं कसं? जमादारही पाहत राहिला.

"धर ना रे बह्याडा!" मनकर्णाबाई ओरडली. "पडतीन ना ते!"

खुशालनं दोन्ही हातांनी धरलं आणि जड जात्याचा वरचा दगड उचलावा तसं हळूच सरळ केलं. केशवराव घामाघूम झाले होते. "जपानी लोक रोज कसं करतात कोण जाणे," ते म्हणाले, आणि घरापर्यंतची वाट खुशालच्या खांद्यावर हात ठेवूनच चालले.

त्यांना ओट्यावर पोचवून परत येताना मनकर्णाबाईनं विचारलं, "खुशाल, खरं सांग. तुनं पाह्यलं होतं ना काकूले?"

"रोजच पाह्यलं माय."

"मंग बोलला काहून नाही?"

"बोलू कसा? सोवळ्यात येत त्या, ओलेत्यानं. मी आवाज देल्ला असता, सावली पडली असती, त वापस जाऊन पुन्हा आंघोय करा लागली असती त्याईले. पान्यापावसाची. म्हातारं मानूस." थोडं चालून म्हणाला, "मी कुत्र्याले धरून बांधाआड बसत होतो. वाटंवरचे काटे तेवढे आदल्या सांजी काढून ठेवत होतो."

"अन जमादाराले?"

"काकूचं नाव मी घेतलं असतं त कोनी आयकलं असतं? तेलात हात घातला असता तरीबी नाही."

घरी येऊन मनकर्णाबाईनं मैनेला हाक मारली आणि दोघांना दुधातली भाकर वाढली. शेषरावानं खुशालला एकदा खालवर न्याहाळलं, "आला? बरं झालं," एवढं म्हणाला आणि बैलांना सगळं सविस्तर सांगायला गोठ्यात गेला.

गल्ली हसायची ती हसलीच. कोणी ओट्याखालून जाताना "काय रावसाहेब, देवघरात काही नवीन सापडलं?" असं विचारायचं. केशवराव म्हणायचे, "तपास चालू आहे." पुढं पुढं त्यांना त्यात मजा वाटायला लागली. अरबस्तान आणि चीन सांगून झालं की शेवटी ते अकोल्याचंही सांगत, आणि गोदाकाकू आतून चुका दुरुस्त करत.

लाखोली काही थांबली नाही. पहाटे गोदाकाकू बांधावर आल्या की आधी मोठ्यानं सांगत, "खुशाल, मी आले रे." बांधाआडून आवाज येई, "या काकू." माणूस दिसायचा नाही. सोमवारची झाडं कोणती आणि लाखोलीची कोणती, हे मनकर्णाबाईनं बांधावर दगड मांडून ठरवून दिलं, आणि काकूंनी तो दगड एकदाही ओलांडला नाही. म्हणजे एकदा ओलांडला, पण सांगून.

कार्तिकात लाख पुरे झाले. वसंता सुखरूप असल्याची खबर त्याआधीच आली होती. उद्यापनाला पुरणपोळी ठरली, आणि ऐन वेळी काकूंचं जातं फिरे पण दळेना. वर्षानुवर्षं टाकी लागलेली नव्हती. केशवरावांनी कधी टाकणकराला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं ना.

"बोलाव त्याला," या खेपेला ते स्वतःच म्हणाले.

खुशाल मागच्या अंगणात बसला. छिन्नीचे घाव पडू लागले, टक टक टक, आणि दगडाची पांढरी भुकटी त्याच्या मांडीवर जमली. केशवराव पाट घेऊन समोर येऊन बसले. मनकर्णाबाई तुळशीपाशी हार गुंफत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"खुशाल, ते तुमच्या तेलाचं सांग. हात भाजला तर?"

"त चोर जी."

"आणि नाही भाजला तर?"

खुशालनं छिन्नी थांबवली, भुकटी फुंकली. "त तेल थंड असते जी."

केशवराव एवढे हसले की पगडी सुटली. "अगं ऐकलंस का? वसंता आला की हे त्याला सांगायचं. सगळ्या मुलखांत असंच असतं की काय, विचारू."

दुपारी पंगती बसल्या. ब्राह्मणांची माजघरात, शेषराव-मनकर्णाबाईची पडवीत, खुशाल-मैनेची अंगणात. ते काही एका श्रावणात बदलत नाही. पण अंगणातल्या पानावर पोळी वाढायला गोदाकाकू सोवळ्यात स्वतः उतरल्या, वरून तूप सोडलं, आणि केशवराव हात धुऊन पुन्हा पाट घेऊन अंगणातच बसले, खुशालचं जेवण होईपर्यंत.

शेषरावानं पुरणाचा घास तोंडात घोळवला. "मेयघाटात बकरा होता," तो बायकोला म्हणाला. "हे बी बरं हाय."

"पीठ बारीक दयलं गेलं," मनकर्णाबाई म्हणाली, आणि अंगणाकडं पाहून गोदाकाकूंना ऐकू जाईल असं खाकरली. मैनेच्या पानावरची पोळी संपली होती.